वर्गात सुटलेली गणितं मुलं महिन्याभरात का विसरतात?

बहुतेक वेळा सरावाच्या मांडणीमुळे. एका सरावसंचात सगळी उदाहरणं एकाच प्रकारची, त्यामुळे कोणतं सूत्र लावायचं हे मुलाला ठरवावंच लागत नाही. परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ च्या अभ्यासात घनफळाच्या गणितांवर हे तपासलं: एका गटाला एकेका प्रकारची उदाहरणं सलग दिली (एकसुरी), दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून (सरमिसळवाला). सरावात एकसुरी गट पुढे होता (८९ टक्के, सरमिसळवाला ६०), पण आठवड्यानंतरच्या चाचणीत तो २० टक्क्यांवर घसरला, सरमिसळवाला ६३ वर राहिला. म्हणजे सरावातले गुण फसवे! अर्थात प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा, छोटा होता. शिवाय रीतच कळली नसेल तर आधी त्याच प्रकारची चार-पाच उदाहरणं सोडवून घ्या, मग मागच्या धड्यांतली मिसळा.