तुझ्या फॉर्मात दादी मावत नाही

बेटा,
अस्सलामु अलैकुम.

धार्मिकता मोजणारी तुझी प्रश्नावली दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा नुसता राग आला. नमाज दिवसातून किती वेळा, मशिदीत आठवड्यातून किती वेळा, कुरआनाची तिलावत रोज की कधीमधी, आणि शेवटी बेरीज. त्या बेरजेत तुझी दादी ‘कमी धार्मिक’ निघाली आणि आता तू मला विचारतेस, सर, दादी चुकली की फॉर्म चुकला? यासाठी अमरावतीला समाजशास्त्र शिकायला गेलीस का?

आपल्याकडच्या खेड्यांत बायका नमाज घरीच पढतात. म्हणजे दुसऱ्याच प्रश्नात अर्धं गाव शून्यावर गेलं. हे तुला ठाऊक होतं, तरी तू शून्य लिहिलंस. नमाजेबद्दल दादी काय म्हणाली असेल तेही मी इथे बसून सांगतो : “होते व माय, जमन तशी.” आणि तू ‘अनियमित’वर टिक केलीस.

हात बघ, बेटा. तोंडाचं नंतर.

कापसाच्या वेचणीत उभी राहा एकदा. असरची, म्हणजे दुपार उतरल्यावरची, अजान शेतापर्यंत येते. बाईचा हात बोंडावर थांबतो, ओढणी डोक्यावर येते, ओठ जरासे हलतात, आणि अजान संपली की हात परत बोंडावर. कुणी कुणाकडे बघत नाही. शेजारच्या सरीतली हिंदू बाईसुद्धा तेवढा वेळ बोलणं थांबवते. हे तुझ्या कोणत्या रकान्यात टाकशील?

आणि रोजे. तुझा प्रश्न ‘रमजानमध्ये किती रोजे ठेवले?’ असा आहे. पाळीच्या दिवसांत सुटलेली नमाज बाईला माफ असते, पण रोजे मात्र पुढे भरून द्यावे लागतात. 2018 सालचा रमजान आठव, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. त्या वर्षीचे सुटलेले रोजे आपल्या बायकांनी थंडीत, दिवस लहान झाल्यावर, एकेक करून फेडले. रमजानात घर जागं असतं, इफ्तारीला ताटं सजतात. या रोज्यांना ना कुणी उठवत, ना कुणी खजूर पुढे करत. बाई सगळ्यांना वाढते, कुणी “तूही बस ना” म्हटलं तर “मागून जेवते” म्हणते. दिवसभर तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिसत नाही, एवढीच काय ती खूण. माझ्या घरात ही खूण मला लग्नानंतर किती वर्षांनी कळली, ते विचारू नकोस.

म्हणून म्हणतो, हात बघ. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही हदीस तुला पाठ आहे. दिखाव्याला आपल्यात रिया म्हणतात, तेही माहीत आहे. मग दारात पेन घेऊन दानाचं, ‘सदका देता का?’ असं विचारलंस तर खरा देणारा काय सांगणार? तो “कुठचं आलं बापा” म्हणून विषय बदलणार. जो आकडा सांगेल त्याचंच तुझ्या तक्त्यात पहिलं नाव. तुझा फॉर्म नेमका उलटा मोजतो, आणि याचा दोष तू दादीवर ढकलतेस!

माझे अब्बा संध्याकाळी वेचणीचा कापूस मोजायचे. काटा अधेमधे थांबला की वजन मजुराच्या बाजूने वर धरायचे, आणि मजुरी त्याच दिवशी चुकती. काट्याला हात लावण्याआधी हळूच बिस्मिल्ला. कुरआनाची 83वी सूरत मापात पाप करणाऱ्यांना खडसावूनच सुरू होते. पण अब्बा नाजरा शिकलेले, अरबी वाचता येई, अर्थ येत नव्हता. ती सूरत त्यांनी कधी कुणाकडून समजून घेतली होती का, हे मी विचारलं नाही, आणि आता विचारायला कोणी उरलं नाही.

तुझे गाईड म्हणतील, हा तर साधा चांगुलपणा, यात धर्म कुठे आला? रास्त प्रश्न आहे. आमच्या शेजारचे पाटीलही इमानानेच मोजायचे. प्रत्येक सरळ माणसाला धर्माचं लेबल लावत सुटू नकोस. पण तो बिस्मिल्ला ऐकायला काट्याजवळ उभं राहावं लागतं, ओट्यावर बसून फॉर्म भरून तो ऐकू येत नाही. (बुलढाण्याकडच्या सैलानी दर्ग्याला होळीत नारळ टाकायला जाणाऱ्यांचं काय, हेही तू विचारलंस. आधी घरचं बघ, मग सैलानी. धर्मात काय बसतं न बसतं, त्या शिर्क-बिदतीचा निकाल लावायला दुसरे पुष्कळ बसलेत.)

मी फर्ज, म्हणजे बंधनकारक आहे तेच, उडवायला सांगतोय असा अर्थ काढू नकोस. पाच वक्ताची नमाज फर्जच आहे. लोक माझ्याबद्दल बोलतात ते तुझ्याही कानावर असेल : मास्तर शुक्रवारच्या जुम्म्याशिवाय मशिदीत दिसत नाहीत, तिथल्या कमिटीत या म्हटलं तर येत नाहीत. नाही गेलो. चंदा देणाऱ्यांची नावं आकड्यांसकट भिंतीवर लावायचं ठरलं, त्या दिवसापासून तर मुळीच नाही. अकडू म्हणतात. म्हणू देत. मी किती दिलं ते त्या भिंतीवर नाही, आणि या पत्रातही येणार नाही. हे माझ्याच बचावाचं भाषण झालं असं वाटत असेल तर वाटू दे. मुद्दा खोटा ठरत नाही.

आता काम सांगतो. बेरजेचा रकाना काढून टाक. वेचणीचे पंधरा दिवस गावात राहा, फॉर्म न काढता. दादीसोबत शेतात जा, ओटी बांध, कापूस वेच. तिचे किती रोजे बाकी आहेत ते विचारू नकोस. ती “मागून जेवते” म्हणाली तर तूही गप्प बस. लिहायचं ते रात्री लिही. गाईडना सांग की अहवाल महिनाभर उशिरा येईल. ओरडले तर त्यांना माझा नंबर दे.

तुझा,
मास्तर