काजूच्या हंगामाला खिशातलं पिस्तूल कुठलं घेऊ?

प्रश्न : सुभेदारकाका, नमस्कार. मी वेंगुर्ले तालुक्यातला काजूबीचा व्यापारी, वय 52. मार्च ते मे गावोगाव फिरून बी घेतो. बागायतदार रोखच मागतात, त्यामुळे अंगावर आणि गाडीत बरीच रक्कम असते. गेल्या हंगामात आरोंद्याच्या रस्त्याला तिन्हीसांजेला दोघांनी मोटरसायकल आडवी घातली. मागून एसटी आली म्हणून निभावलं. आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरचा परवाना आता मंजूर झालाय. मला पँटच्या खिशात मावेल, कुणाला कळणार नाही असं अगदी लहान पिस्तूल हवंय. भाचा अमेरिकेत असतो, त्याच्याकडे रुगर कंपनीचं एलसीपी आहे. फोटोत तळहाताएवढं दिसतं. तसं इथे मिळेल का? ओळखीतल्या एका परवानाधारक गृहस्थांकडे 6.35 मिलिमीटर बोअरचं (नळीच्या भोकाचं माप) जुनं इटालियन पिस्तूल आहे, ते साडेतीन लाख म्हणतात. घेऊ का?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'पँटच्या खिशात' या शब्दांपाशी थांबलो. म्हणून आधी खिशाचं बोलतो.

दापोलीत माझा एक मित्र आहे, आंब्याचा धंदा करणारा. त्याच्याकडे वडिलांच्या वेळचं असंच 6.35 चं पिस्तूल होतं. मी पलटणीतून निवृत्त होऊन गावी आलो त्या वर्षी तो ते मला दाखवायला घेऊन आला. खिशातून काढताना त्याच्याबरोबर बागेच्या कुलपाची किल्ली आणि दोन नाणी ओटीवर पडली. मी अठ्ठावीस वर्षं आर्मरर, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. नव्या पोरांच्या हातातल्या हत्याराची नळी जरा कुठे वळली तर अंगावर ओरडणारा माणूस. पण त्या दिवशी त्या पिस्तुलाचा निळा मुलामा इतकी वर्षं कसा टिकला तेच कौतुकाने बघत बसलो. किल्लीबद्दल एक शब्द बोललो नाही. पुढच्या मे महिन्यात पेट्या चढवताना घाम पुसायला त्याने खिशातला रुमाल ओढला आणि बार उडाला. गोळी मांडीत शिरून गुडघ्याच्या वर अडकली. माणूस वाचला, पायही वाचला, पण बागेची घाटी तो आजही काठीशिवाय चढत नाही. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, काडतूस होतं, सेफ्टी खाली घसरलेली होती आणि रुमालाबरोबर किल्ली ओढली गेली होती. त्या दिवशी ओटीवर मी जे बोलायला हवं होतं ते आज तुम्हाला सांगतोय.

ज्या खिशात पिस्तूल, त्या खिशात दुसरं काही नाही. किल्ली नाही, नाणं नाही, तंबाखूची पुडी नाही, रुमालही नाही. पिस्तूलसुद्धा नुसतं नाही, चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानात. शस्त्र नियम 2016 मध्येही हेच आहे. सार्वजनिक जागी छोटं हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात राहील असं बाळगायचं. तेव्हा ते कुणाला दिसू नये ही तुमची इच्छा नियमाला धरूनच आहे.

आता एलसीपी. 2008 साली बाजारात आलेलं, अडीचशे ग्रॅमच्या थोडं पुढे जाणारं, पॉइंट 380 बोअरचं पिस्तूल आहे ते. चांगलं आहे, पण तुमच्या माझ्या कामाचं नाही, कारण साध्या परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात 1980 च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्याआधी बाहेरून आलेली जी वॉल्थर, बेरेटा, ब्राउनिंग देशात फिरतायत, तीच पुन्हा पुन्हा विकली जातात आणि त्यांचे भाव लाखांवर गेलेत. साडेतीन लाख मागतात ते त्या टंचाईचे. हत्याराच्या गुणाशी त्या आकड्याचा संबंध नाही.

6.35 घेऊ नका. त्याची गोळी जेमतेम सव्वातीन ग्रॅमची. पॉइंट 32 पिस्तुलाची साडेचार ग्रॅमच्या वर, आणि तीसुद्धा फार ताकदीची मानत नाहीत. 6.35 ची काडतुसं बाहेरून आलेली, महाग, मिळतील तेव्हा मिळतील. पॉइंट 32 ची आपल्या खडकीच्या कारखान्यात बनतात, बुडावर केएफ छाप असतो, कोल्हापूर-पुण्याच्या दुकानात सहज मिळतात. ज्या हत्याराची काडतुसं जपून ठेवावी लागतात त्याचा सराव होत नाही, आणि सराव नसलेलं हत्यार ओढवलेल्या प्रसंगी हातात जड होतं. शिवाय त्या जुन्या छोट्या पिस्तुलांत काडतुसावर आपटणारी पिन पूर्ण अडवणारा खटका सहसा नसतो. स्प्रिंगा म्हाताऱ्या झालेल्या, सुटे भाग नाहीत. एवढं करून घ्यायचंच ठरवलंत तर शस्त्र अधिनियमाप्रमाणे विकणाऱ्याने आधी लेखी कळवायचं आणि निदान 45 दिवस थांबायचं, हे लक्षात ठेवा. 'पैसे द्या, घेऊन जा' असा व्यवहार कुणी सुचवला तर उठून निघून या.

माझं मत विचाराल तर ऑर्डनन्सचं, म्हणजे सरकारी शस्त्र कारखान्यांचं, पॉइंट 32 रिव्हॉल्व्हर घ्या. (2021 मध्ये त्या कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, पण दुकानात अजून 'ऑर्डनन्सचं' म्हटलं की कळतं.) वजन नको असेल तर त्यांचंच 'निर्भीक' बघा. 2014 मध्ये आलं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, वजन अर्धा किलो. बायकांसाठी म्हणून जाहिरात झाली, पण हत्याराला बाई-पुरुष कळत नाही. मे महिन्यात दिवसभर शर्टाखाली बाळगायचं तर पाव किलोचा फरक कंबरेला संध्याकाळी जाणवतो.

रिव्हॉल्व्हरच का, ते सांगतो. तुमचा हात घामाने निथळत असणार. वय बावन्न, आयुष्यभर पोती उचललेली. छोट्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, लहान आणि स्प्रिंग ताठ, ती ओल्या हाताने मागे खेचणं वाटतं तितकं सोपं नाही. मूठ इतकी आखूड की करंगळी हवेत राहते, आणि पकड वर सरकली तर मागे येणारी स्लाइड अंगठ्याजवळची कातडी सोलून काढते. माशी आणि खाच, म्हणजे नेम धरायच्या खुणा, नखाएवढ्या. म्हणून जितकं लहान पिस्तूल तितकं चालवायला अवघड. नवखा माणूस नेमका उलटा हिशेब करतो. रिव्हॉल्व्हरचं एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, सिलिंडर फिरतं, दुसरं पुढे येतं. चाप जड असतो म्हणून तक्रार करतात लोक. खिशात-कंबरेला वागवायच्या हत्याराचा चाप जडच हवा. आणि भरलेलं आहे की रिकामं, ते उघडलं की सहा भोकांत डोळ्यांना दिसतं.

सिलिंडरचा फुगवटा खिशात लपत नाही, हे खरं. मग खिसा सोडा. कंबरेला, पँटच्या आत बसणारं होल्स्टर घ्या, वर शर्ट बाहेर सोडा. आपल्याकडे हंगामात इन करून कोण फिरतो?

चपटंच हवं असा हट्ट असेल तर ऑर्डनन्सचं 'अशनी' पिस्तूल आहे, पॉइंट 32 चंच. दुकानात मॅगझिन काढून, चेंबर बघून, स्लाइड दहा वेळा खेचा. सातव्या-आठव्याला हात थकला तर ते तुमचं नव्हे. घेतलंत तर मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं, असंच बाळगा.

एक गोष्ट भल्याभल्यांना ठाऊक नसते. रिव्हॉल्व्हरचं पॉइंट 32 आणि पिस्तुलाचं पॉइंट 32 ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी रुंद कडा असते. पिस्तुलाचं म्हणजे 7.65 मिलिमीटर, आखूड, आणि त्याचा दाब जास्त. एकाचं दुसऱ्यात कधीही घालायचं नाही, बसल्यासारखं वाटलं तरी. काडतुसं घेताना नुसतं 'बत्तीसची द्या' म्हणू नका, हत्यार कुठलं ते सांगा. आणि 9 मिलिमीटर पॅराबेलम कुणी दाखवलं तर हातही लावू नका, तो बोअर प्रतिबंधित आहे.

आता आपल्या हवेचं. अमेरिकेतल्या भाच्याला हे सांगता येणार नाही. वेंगुर्ल्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाराही महिने खारा वारा, आणि एप्रिल-मेमध्ये कंबरेला घामाची धार. या तिघांपुढे मुलामा टिकत नाही. रोज रात्री हत्यार रिकामं करा, कोरड्या फडक्याने पुसा, मग तेलाच्या हाताने पुसा. आठवड्यातून एकदा नळीतून चिंदी फिरवा. पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यात कमावतानाचे क्षार असतात. जूनमध्ये ठेवलेलं हत्यार गणपतीत काढलं आणि होल्स्टरच्या आकाराचा गंज त्यावर उमटलेला, हे मी बघितलंय. बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, होल्स्टरबाहेर ठेवा. खोबरेल तेल अजिबात नको. ते चिकट होऊन बसतं आणि घोडा मंद पडतो. हत्याराचं तेल नसेल तर त्या दिवसापुरतं शिलाई मशीनचं तेल चालेल. काडतुसांना मात्र तेलाचा हात लावू नका, तेल बुडाच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पडते त्या भागात, मुरलं की काडतूस मरतं. कंबरेला महिनोन्महिने फिरलेली काडतुसं वर्षातून एकदा रेंजवर उडवून टाका, नवी भरा.

रेंजवर जायचंच. परवान्यावर काडतुसांचा आकडा ठरलेला असतो, त्यातली निदान निम्मी सरावाला. पंचवीस मीटरवरच्या निशाण्याचा नाद नको. पाच-सात मीटरवर, शर्ट वर करून, हत्यार काढून, दोन गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात, इतकंच शिका. घरी डमी राउंडवर, म्हणजे दारू नसलेल्या खोट्या काडतुसांवर, रोज दहा वेळा चाप ओढा. त्याआधी दर वेळी आम्ही ज्याला एनएसपी म्हणायचो ते करा : नळी सुरक्षित दिशेला, काडतुसं बाहेर, डोळ्याने आणि बोटाने तपासणी. सगळी खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत.

तुमच्या गावच्या दृष्टीने दोन गोष्टी. परवान्यावर तो कुठल्या हद्दीत चालतो ते लिहिलेलं असतं. फक्त महाराष्ट्र असेल तर किरणपाणीचा पूल ओलांडून गोव्यात गेलात की गुन्हा झाला. बी घेऊन गोव्याकडे जाणं होत असेल तर आजच ते पान उघडून वाचा. आणि निवडणूक. आचारसंहितेत हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो. आपल्याकडे शेतीसंरक्षणाच्या बंदूकवाल्यांना ते पाठ आहे, बंदूक ठाण्यात आणि डुक्कर बागेत. 2024 ला लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि आपलं मतदान 7 मेला झालं. म्हणजे अख्खा काजूचा हंगाम. अशा वर्षी तुम्ही हत्याराच्या भरवशावर रोख ठेवलीत तर काय कराल? म्हणून रक्कम कमी करा. मोठ्या बागायतदारांना खात्यावर पैसे घ्यायला राजी करा, उरलेल्यांचे दिवस आणि वाटा बदलत राहा, तिन्हीसांजेच्या आत घरी या, गाडीत दुसरा माणूस ठेवा. आणि पैसे घेऊन कुणी पळाला तर त्याच्या पाठीवर गोळी झाडू नका. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, कलम 34 ते 44, पण तो गरजेपुरताच आहे. भाऊ, काजूचे पैसे पुढच्या हंगामात पुन्हा मिळवता येतील.

प्रश्न : शिमग्याला पालखी घरी आली की आमच्याकडे परवान्याच्या बंदुकीचा एक बार हवेत काढतात. जुनी रीत आहे. चालेल ना? (संगमेश्वर)

उत्तर : नाही. 2019 च्या दुरुस्तीने अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि वर गेलेलं खाली येतं. अंगणात पालखीभोवती पोरंच असतात. ढोल वाजवा.

प्रश्न : सुभेदारभाऊजी, यजमान फेब्रुवारीत गेले. त्यांचं रिव्हॉल्व्हर कपाटात तसंच आहे. भरलेलं आहे की नाही ते मला ठाऊक नाही. गणपतीला मुंबईहून मुलगा, सून, नातवंडं येतील. आठवण म्हणून ठेवलं तर चालेल का? (गुहागर तालुका)

उत्तर : वहिनी, वाईट वाटलं वाचून. पण ठेवता येणार नाही. परवाना यजमानांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. आता ते हत्यार विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. मुलाला वारस म्हणून स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करता येईल. मिळाला तर तेच रिव्हॉल्व्हर घरी परत येऊ शकतं, तेव्हा आठवण जाणार नाही. तुम्ही स्वतः ते उघडू नका, काडतुसं काढायला जाऊ नका, पिशवीत घालून एसटीने नेऊ तर मुळीच नका. ठाण्यात फोन करून सांगा, जाणता माणूस घरी पाठवा म्हणा. यजमानांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा. जमा केल्याची पावती घ्या, त्यावर हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या नीट लिहिली आहे का ते मुलाला फोनवर वाचून दाखवा. गणपतीची वाट बघू नका, याच आठवड्यात करा. तोवर कपाटाला कुलूप, आणि किल्ली तुमच्या कनवटीला.