गावाचा जुना जिल्हा ठाऊक आहे ना?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत उदगीरहून स्वतःच्या गाडीने हरिद्वारला जायचे आहे. वाटेत इंदूरला आत्या, ग्वाल्हेरला मावसभाऊ. सोबत ७४ वर्षांचे वडील आहेत. हरिद्वारच्या पुरोहितांच्या वहीत पणजोबांची नोंद असल्याचे घरात ऐकले आहे. तयारी कशी करावी? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : आधी तारीख बदला. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत वरचा गंगा कालवा साफसफाईसाठी बंद ठेवतात, त्यामुळे हर की पौडीला पाणी अगदीच कमी असते. भाऊबीज आत्याकडेच करा आणि मग पुढे निघा. डिसेंबर उजाडला की ग्वाल्हेरपुढे धुके धरते, त्याआधी परत या.

रस्ता असा : लातूर, अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा. तिथून बीडमार्गे संभाजीनगर, पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी कन्नड, चाळीसगाव, धुळे, सेंधवा, इंदूर. पुढे देवास, ब्यावरा, गुणा, शिवपुरी करत ग्वाल्हेर हा पल्ला सुमारे ५०० किलोमीटरचा; एका दिवसात होतो, पण वडील सोबत असताना शिवपुरीला थांबलेले बरे. ग्वाल्हेरहून आग्रा, मेरठ, रुरकीमार्गे हरिद्वार. जाताना कन्नडचा घाट उताराचा, परतताना सेंधव्यापुढचा बिजासन. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय राहिला की ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत.

आता वही. तिथे आडनावावरून शोध लागेल असे धरू नका. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही तर वतनाची नावे, गावोगाव सापडतील. वह्या लावलेल्या असतात मूळ गाव, जिल्हा आणि जात यांवर. म्हणून घाटावर पहिला प्रश्न येतो, ‘कौन गाँव, कौन जिला?’ इथे आपल्याकडची मंडळी हमखास अडकतात. तुम्ही ‘जिल्हा लातूर’ म्हणाल, पण तो जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधी उदगीर तालुका उस्मानाबादेत होता आणि १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यात. पणजोबांची नोंद शोधताना बिदरच सांगा. हीच गत जालना (१९८१ पर्यंत औरंगाबाद) आणि हिंगोलीची (१९९९ पर्यंत परभणी). अंबाजोगाईकरांनी मोमिनाबाद हे नावही सांगावे.

निघण्याआधी एका कागदावर देवनागरीत लिहा : वडिलांपासून मागे जितकी ठाऊक असतील तितकी नावे, मूळ गाव, जुना तालुका-जिल्हा, जात, गोत्र, आणि कोणाच्या अस्थी अंदाजे कधी नेल्या. शेवटची माहिती सर्वांत उपयोगी, कारण नोंद बहुधा त्याच फेरीत झालेली असते. आजोबांच्या वडिलांचे नाव पक्के नसेल तर तहसीलमधून १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल काढा. त्याहून जुन्या कागदावर फसली सन (निजामाच्या काळचे महसुली वर्ष) असेल तर त्यात ५९० मिळवा, म्हणजे १३५० फसली हे १९४०-४१. वहीत मात्र विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करा.

दक्षिणा आधी बोलून घ्या, फोटो विचारूनच काढा. नोंद सापडली की आजची हयात माणसे, लेकीसुनांसकट, लिहवून वडिलांची सही घ्या. सुनांची माहेरे बहुतेकजण विसरतात.

प्रश्न : श्रावणात गेलो तर चालेल का? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा १५ दिवस आधी लागतो. आपल्या आषाढ वद्यात कावडयात्रा असते आणि मेरठ-मुझफ्फरनगर-हरिद्वार रस्त्यावर वाहने वळवतात, काही भाग बंदही असतो. आपला श्रावण लागल्यावर जा.

प्रश्न : गाडी फारशी चाललेली नाही, टायरची नक्षी शाबूत आहे. तरी बदलावेत का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. सहा वर्षे उलटली असतील किंवा बाजूला बारीक भेगा असतील तर बदला, कारण रबर उभ्या गाडीतही कडक होते. हवा सकाळी गाडी थंड असताना भरा. दोन तास चालवून मोजली तर चार-पाच पीएसआय जास्त दिसते आणि माणूस उगाच कमी करतो. पाच माणसे आणि सामान असेल तर चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवरचा ‘पूर्ण भार’ हा आकडा धरा. स्टेपनीत हवा आहे का, हेही बघा. ते कोणीच बघत नाही.