वाचकांचे प्रश्न : टेस्टवर चाललं, लाइव्हवर अडलं

प्रश्न : आमचा डेटाबेस पोस्टग्रेस १४ वर आहे. ऑर्डरच्या टेबलमध्ये साधारण सहा कोटी ओळी आहेत. त्यात एक कॉलम वाढवायचा होता. टेस्टवर ऑल्टर टेबल (टेबलची रचना बदलणारी कमांड) क्षणात झालं, लाइव्हवर मात्र दहा मिनिटं सगळं ॲप बंद. डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) म्हणतात टेबल फार मोठं, आम्ही म्हणतो सर्व्हर कमी पडला. खरं काय? – एक डेव्हलपर, पुणे

उत्तर : दोन्ही नाही. पोस्टग्रेसच्या ११व्या आवृत्तीपासून, डिफॉल्ट ठरावीक असेल तर कॉलम वाढवताना टेबल नव्याने लिहिलं जात नाही, फक्त कॅटलॉगमध्ये (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत) नोंद होते. (डिफॉल्टला रँडमसारखं दर ओळीला बदलणारं फंक्शन लावलंत, तर आजही सगळं टेबल लिहून निघतं.) म्हणजे सहा कोटी ओळींचा इथे संबंध नाही. आडवी आली ती रांग.

ऑल्टरला ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो. क्षणभरच लागतो, पण त्या क्षणी टेबलवर दुसरं कुणीही चालत नाही, साधी सिलेक्टसुद्धा (नुसतं वाचणारी क्वेरी). त्याच वेळी कुणाचा महिनाअखेरचा रिपोर्ट चालू असेल तर ऑल्टर थांबून राहतं. आणि ते थांबलं की मागून आलेली प्रत्येक क्वेरी त्याच्या पाठीमागे उभी राहते, जरी तिचं रिपोर्टशी काही भांडण नसलं तरी. ॲपला मिळालेली ठरावीक कनेक्शनं (कनेक्शन पूल) भरतात, ॲप गपगार. टेस्टवर रिपोर्ट लावून बसलेलं कुणी नसतं, म्हणून तिथे हे कधीच दिसत नाही.

‘मग रात्री दोनला करू’ हा नेहमीचा उपाय बरेचदा उलटतो. पीजी_डंपने बॅकअप घेत असाल तर डंप संपेपर्यंत त्याने प्रत्येक टेबलवर वाचनाचा लॉक धरलेला असतो. ऑल्टर त्याच्याही मागे अडकतं.

करायचं असं : त्याच सेशनमध्ये आधी लॉक_टाइमआउट दोन सेकंदांवर ठेवा, मग ऑल्टर द्या. लॉक नाही मिळाला तर कमांड एरर देऊन बाजूला होईल आणि रांग मोकळी होईल. दहा-पंधरा सेकंद थांबून पुन्हा. हे हाताने नको, स्क्रिप्टमध्येच घाला. त्याआधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये (आत्ता कोण काय चालवतंय त्याची यादी) सगळ्यात जुनं ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पुरा होणारा कमांडचा गठ्ठा, कुणाचं आहे ते बघा. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी नोंद दिसली तर बहुतेक वेळा कुणीतरी ऑटोकमिट (प्रत्येक कमांड आपोआप पक्की करणं) बंद ठेवून टूल उघडलेलं असतं आणि स्वारी जेवायला गेलेली असते. अशी सेशन्स आपोआप तोडणारं आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट पाच मिनिटांवर ठेवायला काहीच हरकत नाही.

कॉलम नॉट नल (रिकामा चालणार नाही असा) करायचा असेल तर थेट करू नका, कारण सगळं टेबल तपासून होईपर्यंत लॉक सुटत नाही. आधी तोच नियम चेक कन्स्ट्रेंट म्हणून ‘नॉट व्हॅलिड’ लावून (जुन्या ओळी न तपासता) घाला, मग वेगळ्या कमांडने व्हॅलिडेट करा, मग सेट नॉट नल. १२व्या आवृत्तीपासून ही शेवटची पायरी तो चेक बघून तपासणी टाळते. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नेहमी कॉन्करंटली, म्हणजे लिहिणं न थांबवता, बनवा. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही आणि बरीच मायग्रेशन टूल्स (असे बदल फाइलींतून चालवणारी) प्रत्येक फाइल ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात, तेव्हा त्या फाइलपुरतं हे गुंडाळणं बंद करा. मध्येच बिघडलं तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे उरतो. वाचनाला त्याचा उपयोग शून्य, लिहिण्यावर बोजा मात्र पडत राहतो. तो ड्रॉप करूनच पुन्हा सुरुवात करा.

प्रश्न : ओरॅकलमध्ये नावाचा कॉलम व्हारकॅर२(३०) आहे. ‘ज्ञानेश्वर’ बसतो, ‘लक्ष्मीनारायण’ला ओआरए-१२८९९ (मजकूर कॉलमपेक्षा मोठा) हा एरर येतो. नाव तर सहाच अक्षरांचं! – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही अक्षरं मोजता, ओरॅकल मुळात बाइट मोजतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘ज्ञानेश्वर’मध्ये अशी दहा, म्हणजे बरोब्बर ३० बाइट. ‘लक्ष्मीनारायण’मध्ये तेरा, म्हणजे ३९. एररमध्येही हेच दोन आकडे असतात : आलेले ३९, जास्तीत जास्त ३०.

कॉलम व्हारकॅर२(१०० कॅर) असा बदला. मूळ सेटिंगमध्ये ‘कॅर’ लिहिल्याशिवाय हिशोब बाइटचाच धरला जातो. मात्र पीएल/एसक्यूएलमध्ये (ओरॅकलची प्रोग्रामिंग भाषा) कुणी व्हेरिएबल व्हारकॅर२(३०) म्हणून हाताने लिहिलं असेल, तर आता तिथे ओआरए-०६५०२ हा एरर येईल. व्हेरिएबलचा प्रकार पर्सेंट-टाइप लावून कॉलमवरूनच घ्या. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल चिन्हं मोजतात, त्यामुळे तिथे हा त्रास नाही. मायएसक्यूएलमध्ये अडतो तो इमोजी, कारण जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये तीनच बाइट मावतात. यूटीएफ८एमबी४ वापरा.

नावांचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं, कारण हा घोळ मराठीचाच आहे. ‘कुऱ्हाडे’ शोधलं तर निम्मेच कुऱ्हाडे सापडतात. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : ऱ आणि हलन्त (सहा बाइट), किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे (नऊ बाइट). पडद्यावर दोन्ही हुबेहूब. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने हे दोन एक होत नाहीत, सेव्ह करतानाच दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करावं लागतं. नुसतं जोडचिन्ह उडवू नका, नाहीतर र चा रफार होऊन हवर चढेल.

प्रश्न : डेव्हलपर लाइव्हचा पासवर्ड मागतात. द्यावा का? – एक डीबीए, ठाणे

उत्तर : पासवर्ड नाही, वाचनाची सोय द्या. रेप्लिकावर (लाइव्हची सतत ताजी होणारी प्रत) फक्त सिलेक्ट करणारा रोल (खातं), त्याला लांबलेली क्वेरी तोडणारं स्टेटमेंट_टाइमआउट आणि मोबाइल, पॅन झाकलेले व्ह्यू. रेप्लिकावर क्वेरी ‘कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी’ म्हणून तुटू शकते, हे आधीच सांगून ठेवा. क्वेरीसाठी रेप्लिका किती थांबेल ते ठरवणारा मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले मुळात ३० सेकंद असतो. तक्रारी त्यावरूनच येतात.

प्रश्न : बॅकअपचा जॉब रोज हिरवा दिसतो. एवढं पुरे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रामचा कोड साठवणारी सेवा) चुकून चालू डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप बघायला गेले तर डेटाबेस ९.६ चा आणि पीजी_डंप ९.२ चा, त्यामुळे डंप होतच नव्हता. एररचे मेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर केलं.

आठवड्यातून एकदा वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करा. मोठ्या टेबलांच्या ओळी मोजा, सर्वांत ताजी नोंद किती वाजताची ते बघा आणि रिस्टोअरला किती वेळ लागला ते लिहून ठेवा, कारण साहेब पहिला प्रश्न तोच विचारतील. एका डेटाबेसच्या पीजी_डंपमध्ये रोल आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत. ते पीजी_डंपऑल ‘ग्लोबल्स-ओन्ली’ लावून वेगळे घ्यावे लागतात आणि रिस्टोअर करताना आधी चढवावे लागतात.