औषध किडीचं, मग लाळ माझ्या तोंडाला का?

सांवेरकडच्या एका शेतकरी भावाने विचारलंय: "चक्रभुंग्यासाठी सोयाबीनवर प्रोफेनोफॉस फवारलं. पंप गळत होता, पाठ भिजली. संध्याकाळी तोंडाला सारखं पाणी सुटलं, नजर अंधुक झाली, दंडाचं मांस आपोआप फुरफुरायला लागलं. दवाखान्यात गेलो नाही. आज तिसरा दिवस, बरं वाटतंय. उरलेलं शेत उरकून घेऊ का?"

भाऊ, अजिबात नको. तुम्हाला बरं वाटतंय, पण तुमच्या नसा अजून बऱ्या झालेल्या नाहीत.

नसेतून संदेश विजेसारखा धावतो, पण एका चेतापेशीच्या टोकाशी येऊन थांबतो. पुढच्या पेशीपर्यंत फट असते, साधारण २० नॅनोमीटरची, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी अरुंद. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. तिथे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि पलीकडच्या ग्राहींवर, म्हणजे ते झेलणाऱ्या जागांवर, बसतं, की संदेश पोचला. नसेच्या टोकाकडून स्नायूला हुकूम मिळतो तोही असाच. काम झालं की कोलीनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्या रसायनाचे लगेच तुकडे करतं, म्हणून स्नायू सैल पडतो.

प्रोफेनोफॉस नेमकं या विकरालाच जखडतं. ॲसिटिलकोलीन साचत जातं, हुकूम थांबत नाही. मोटारीचं बटण दाबलेलंच राहावं तसं. लाळ, घाम, डोळ्यांच्या टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या, फुरफुरणारा दंड, सगळं त्यातूनच. किडीच्या मज्जासंस्थेतही हेच रसायन आणि हेच विकर असतं, त्यामुळे औषधाला भुंगा आणि माणूस वेगळे ओळखता येत नाहीत. कातडीतूनही ते आत जातं, भिजलेल्या सदऱ्यातून तर तासन्‌तास.

जखडलेल्या विकराच्या जागी शरीर नवं बनवतं, पण त्याला काही आठवडे लागतात. तोवर थोडंसं औषध लागलं तरी आधीच्यात भर पडते.

आज जिल्हा रुग्णालयात जा, बाटलीचं लेबल सोबत न्या, रक्तातल्या कोलीनएस्टरेजची तपासणी करायला सांगा. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांतही कधी कधी मान जड पडते, श्वास अपुरा पडतो. तसं जाणवलं तर क्षणभरही न थांबता १०८ ला फोन करा. पुढे कधी कोणाला असा त्रास झाला तर ओले कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि लगेच निघा. दवाखान्यात देतात ते ॲट्रोपीन काही ग्राही अडवून लाळ आणि छातीतला स्राव आटोक्यात आणतं, पण दंडाच्या फुरफुरण्यावर ते चालत नाही. प्रालिडॉक्सिम हे दुसरं औषध विकराला सोडवतं, पण वेळेत दिलं तरच. नंतर ती पकड पक्की होते.

उरलेल्या शेतात तूर्त सुकलेले शेंडे आणि चक्र पडलेल्या फांद्या घरच्यांकडून तोडून नष्ट करवून घ्या. फवारणी करावीच लागली तर दुसऱ्या माणसाने करावी, हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, वाऱ्याकडे पाठ करून. त्याआधी पंपाचा वायसर बदला.