अमेरिकेत ओमाहा शहरात अंगणातली माती बदललेलं जुनं घर घेतोय. शिशाचा धोका संपला का?

बराच कमी झाला, संपला नाही. ओमाहात नदीकाठच्या शिसे वितळवण्याच्या कारखान्याने शंभराहून जास्त वर्षं धूळ उडवली. तो 1997 ला बंद झाला. पुढे ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, हजारो अंगणांची वरची माती खणून नेली, नवी माती भरून हिरवळ लावली. पण मर्यादा धरली होती 400 पीपीएम, म्हणजे किलोमागे 400 मिलिग्रॅम. 2024 मध्ये ईपीएने घरांसाठीचा तपासणीचा आकडा 200 वर आणला. त्यामुळे 'स्वच्छ' असा कागद हातात असला तरी त्यावरचा आकडा बघाच. शिवाय फुटाखालच्या मातीत 400 हूनही जास्त शिसं चालवून घेतलेलं आहे. शिसं कुजत नाही, विरत नाही. झाड लावायला किंवा कुंपणाचा खांब रोवायला खोल खणलंत, की ते परत वर.

माझ्या मते खरी भीती घराच्या रंगाची, जुन्या रंगात शिसं असायचं. 1978 पूर्वीचं घर असेल तर खिडकीखाली, भिंतीलगतची हातभर पट्टी नीट बघा. पोपडे पडलेले दिसले तर नवी मातीही पुन्हा खराब झालेली असू शकते. तपासणीला मातीचा नमुना तिथलाच द्या, अंगणाच्या मधला नको.

भाजी लावायची तर उंच वाफ्यात, बाहेरून आणलेल्या मातीत. टोमॅटोचं फारसं भय नाही. गाजर, मुळा, पालेभाज्या जपून. चपला दाराबाहेर काढायची आपली सवय इथे फार कामाची. आणि मूल लहान असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या, लक्षणांची वाट बघू नका.