इंग्लंडमध्ये एक दिवस नॅरोबोटने (कालव्यातल्या लांब, अरुंद बोटीने) फिरायचंय, सोबत साठीपुढचे आईबाबा आहेत. लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वरखाली करणारी दारांची कोंडी) आणि उचलायचे पूल स्वतःच चालवावे लागतात म्हणे, जमेल का?

जमेल हो, आरामात जमेल. आम्ही मे महिन्यात केलं, मी, बायको, ताई-दाजी आणि पुण्याहून आलेले आईबाबा असे सहा जण, आणि बोट चालवायचा अनुभव सगळ्यांचा मिळून शून्य. लायसन लागत नाही, सकाळी बोटवाला थोडा वेळ शिकवतो आणि चावी हातात देऊन निघून जातो.

आम्ही लँगॉलेन कालव्यावर रेनबरीहून निघालो. ट्रेनने जाता येतं, क्रू-श्रूजबरी लाइनवरचं छोटंसं स्टेशन आहे, आधी गार्डला सांगून ठेवावं लागतं नाहीतर गाडी थांबतच नाही, खेड्यातल्या एसटीसारखं.

एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या, मैल मोजू नका, लॉक आणि पूल मोजा. स्पीड लिमिट ताशी 4 मैल, प्रत्यक्षात त्याहून कमीच, बांधलेल्या बोटींजवळून तर अजून हळू. एका लॉकला नवख्यांची 20 मिनिटं सहज जातात आणि पुढे कुणी असेल तर थांबा. आम्ही मारबरी, क्वॉइझली आणि विलीमूर असे तीन लॉक चढलो, विलीमूरच्या लॉकला खेटूनच पब आहे तिथे जेवलो आणि तेच तीन उतरून परत. पुढच्या ग्रिंडली ब्रुकच्या सहा लॉकचा मोह एका दिवसात नको.

रेनबरीचा रस्त्यावरचा पूल विजेवर चालतो. पेटीत चावी घालायची, बटण दाबून ठेवायचं, फाटक पडतं, पूल वर जातो. पूल पूर्ण खाली येऊन फाटक उघडेपर्यंत चावी परत निघत नाही, त्यामुळे अर्धवट सोडून पळता येत नाही. ताईने बटण दाबलं तेव्हा दोन्हीकडे चार-पाच गाड्या आणि एक ट्रॅक्टर थांबला, तिचा चेहरा लाल, ट्रॅक्टरवाला मात्र निवांत. पुढचा स्टार्कीजचा पूल हाताचा, तिथे विंडलास (म्हणजे लॉकचं काटकोनी हँडल) फिरवत बसायचं, फेरे संपता संपत नाहीत, दाजींचा शर्ट ओला झाला.

लॉकमध्ये खरी मजा बाबांची. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, अख्खी नोकरी नीरा कालव्यावर. सात फूट रुंदीचा लॉक, त्यात पावणेसात फुटांच्या आसपासची बोट, दोन्हीकडे हात जेमतेम जाईल एवढी फट. खालचं दार लावलं, वरची झडप उचलली, पाणी खळाळत आत आलं आणि बाबा काठावरून ओरडतायत, "एकदम नको, अर्धीच उचल!" बरोबरच होतं, एकदम उघडली की बोट आत आदळत राहते. पाणी दोन्हीकडे सारखं होईपर्यंत दार इंचभरही हलत नाही, मग पाठ लावून रेटलं की निमूट सरकतं. कालव्याला धार कशी काय, हेही त्यांनीच विचारलं. हा कालवा डी नदीचं पाणी हर्लस्टनच्या तलावात नेतो, म्हणून इथलं पाणी वाहतं. जाताना प्रवाहाविरुद्ध, येताना जरा लवकर. बाबा म्हणाले, "म्हणजे यांचं आवर्तन बारमाही!"

याच धारेने आमची फजिती केली. लॉकला वळसा घालून जादा पाणी बाजूने खाली पडतं, ते दाराच्या जरा अलीकडे बोटीचं नाक ढकलतं. मला माहीत नव्हतं, भिंतीला असली धडक बसली की आईचा थर्मास आडवा, चहा सगळा फरशीवर. तिथे जरा जोर ठेवूनच आत शिरायचं. आणि टिलर (बोट वळवायचा मागचा दांडा) उलटा असतो, उजवीकडे जायचं तर डावीकडे ढकला, हे तासाभरात अंगवळणी पडतं.

उतरताना एकच गोष्ट जपा. वरच्या दाराच्या आत सिमेंटचा उंबरठा असतो, पाणी उतरलं की तो उघडा पडतो, बोटीचं शेपूट त्यावर अडकलं तर बोट तिरकी होऊन बुडू शकते. भिंतीवर खुणेची रेघ असते, तिच्या पुढे राहायचं, टिलरवरच्या माणसाने मागेच बघायचं, गप्पा नंतर.

आईचे गुडघे दुखतात, ती लॉकवर उतरलीच नाही, पुढे बसून गायी मोजत होती, शेवटच्या मैलात तिनेच टिलर धरला आणि सोडेना. आईबाबांना उतरायचं असेल तर बोट काठाला नीट बांधल्यावरच, उडी मारून नाही. बोटीत टॉयलेट आणि गॅस आहे का, आधी विचारून घ्या. आणि विंडलास दोन मागा, आमचा एक दाजींच्या हातून क्वॉइझलीला पाण्यात गेला, तो अजून तिथेच असेल.